पलीकडची कातोंगो

तिनं मला हाक मारली तेव्हा मी वळलेच नाही.

म्वेरू सरोवराच्या काठावर वाळूत बसून आम्ही सात-आठ बायका चिसेन्से पसरत होतो. चिसेन्से म्हणजे बोटाच्या पेराएवढी मासळी. होड्या लागल्या की टोपल्या ओतायच्या, ऊन डोक्यावर यायच्या आत सगळी एकसारखी पसरायची आणि मग दिवसभर कावळ्याकुत्र्यांशी भांडत बसायचं, हा आमचा रोजचा धंदा. त्या सकाळी पलीकडून, प्वेतोहून, उतारूंची होडी आली होती. मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मागून कोणीतरी "कातोंगो" म्हणालं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं.

माझ्या शेजारी बसलेली बाई त्याच वर्षी दुसऱ्या गावाहून आली होती. तिनं विचारलं, तुमच्यात कातोंगो कोण? बाकीच्यांचे हात जागच्या जागी थांबले. कारण कातोंगो मीच होते, पण पाच वर्षांपूर्वीपर्यंत. त्यानंतर त्या नावानं मला कोणी हाक मारली नव्हती. माझ्या आईनंही नाही.

वळून पाहिलं तर गुडघाभर पाण्यात, डोक्यावर निळं प्लास्टिकचं घमेलं घेऊन एक वाळलेली बाई उभी होती. गालफडं बसलेली, एका पायात चप्पल, दुसरी हातात. ती माझी थोरली बहीण चिलेशे होती. आणि गावाच्या लेखी चिलेशे मी होते, ती तर मेलेली होती.

हे असं कसं झालं ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला वेड्यात काढाल.

आम्ही ब्विले लोक. सरोवराच्या दोन्ही काठांना आमचीच माणसं. बोली एक, कुळं एक, आणि आमचे मोठे राजे पुता यांचंच नाव पलीकडच्या प्वेतोला पडलं असं म्हातारे सांगतात; गोऱ्यांच्या जिभेला पुता म्हणणं जमलं नाही म्हणे. त्याच गोऱ्यांनी कधीतरी पाण्यावर रेघ ओढली. अलीकडचे झांबियाचे झाले, पलीकडचे काँगोचे. पण पाण्यावरची रेघ कोणाला दिसते? आम्ही आपले इकडून तिकडे मुली देत राहिलो, तिकडून इकडे आणत राहिलो. चिलेशे प्वेतोतल्या एका मासेमाराकडे नांदायला गेली, तीही अशीच.

आमच्यात माणूस मेलं की त्याचं नाव मरू देत नाहीत. सुतक सरलं की त्याच्या आईच्या कुळातलं कोणीतरी चटईवर बसतं, मनगटाला पांढरे मणी बांधून घेतं, वाडग्यातलं पाणी पितं आणि त्याचं नाव घेतं. नुसतं नाव नव्हे, नातीही घेतं. मेलेल्याची मुलं ती त्याची मुलं, मेलेल्याचा भाऊ तो त्याचा भाऊ. चटईवरून उठणारं माणूस दुसरंच असतं. हे न झालं तर मेलेला दारोदार भटकतो आणि घराला सुख लागू देत नाही.

प्वेतोत लढाई आली तेव्हा मी अठरा वर्षांची होते. सैनिक आले तशी पलीकडची माणसं मिळेल त्या होडीत चढली. आमच्या काठाला तीन दिवस नुसती माणसं उतरत होती. आई तीन दिवस पाण्यापाशी उभी राहिली. चिलेशेची मुलगी बुपे तेव्हा तीन वर्षांची होती आणि नशिबानं आमच्याकडेच होती. आजीकडे म्हणून आलेली ती राहिली. चिलेशे काही आली नाही. लुपिया नावाच्या ओळखीच्या माणसानं सांगितलं, तिची होडी माझ्या डोळ्यांदेखत उलटली. आईनं ऐकून घेतलं आणि मानलं नाही. दोन वर्षं तिचा जीव टांगणीला लागला होता. पलीकडून आलेल्या प्रत्येक होडीतल्या माणसांना ती विचारायची, आणि ती माणसं कंटाळून नजर चुकवायची.

शेवटी मामा बोलले. काबांगे मामा, आईचे थोरले भाऊ. आमच्यात घरात शब्द चालतो तो मामाचा. ते म्हणाले, पोरगी तापानं फणफणते, जाळी फाटतात, घरात काही ठरत नाही. चिलेशेला आता बसायला जागा द्या. आई ओक्साबोक्शी रडली आणि तयार झाली. कुळात मुलगी मी एकटीच. मी चटईवर बसले, पाणी प्यायले, आणि उठले ती चिलेशे होऊन. लोकांनी टाळ्या वाजवून मला नव्या नावानं नमस्कार केला. बुपे पाच वर्षांची होती. दोन वर्षं ती माझ्याशी फटकून वागायची, पण त्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर येऊन बसली आणि "आई" म्हणाली.

खोटं कशाला बोलू? मला माझं नाव हवं होतं. पुष्कळदा एकटी असताना मी ते हळूच उच्चारून बघायची. पण पोरीनं आई म्हटलं की सगळं विसरायला व्हायचं. माझा नवरा दोन वर्षं नांदला आणि खाणीत काम बघतो म्हणून तांब्याच्या मुलखात गेला तो गेलाच. मूल झालं नव्हतं. जे काही माझं होतं ते बुपे.

आणि आता चिलेशे पाण्यात उभी होती.

मी तिच्याकडे गेले. तिचा हात धरून पाहिला तर तो गरम होता. ती हसायला लागली. म्हणाली, अशी काय बघतेस, भूत आहे का मी? मागे बायका भराभर टोपल्या उचलून निघाल्या होत्या. मासळी तशीच टाकून. चिसेन्से उन्हात टाकून जाणारी बाई आमच्या काठावर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

घरी जाताना वाटेत ती बोलत राहिली. ती होडीत चढलीच नव्हती. गर्दीच्या रेट्यात ती दुसऱ्याच वाटेला लागली, चालत चालत पूर्वेला, मग मोठं तांगानिका सरोवर ओलांडून टांझानियातल्या छावणीत. नवरा वाटेतच गेला. छावणीत प्वेतोचाच एक सुतार भेटला, त्याच्याशी तिनं घर मांडलं. दोन मुलं झाली. छावणी उठली तशी ती सगळी नुकतीच प्वेतोला परतली होती. दोनदा निरोप धाडला होता, म्हणाली. आमच्यापर्यंत एकही पोचला नव्हता. तिच्या बोलण्यात अधूनमधून स्वाहिली शब्द यायचे आणि मग ती थांबून आपला शब्द शोधायची.

"बुपे केवढी झाली?" तिनं विचारलं.

"दहा वर्षांची."

"मी तिला न्यायला आलेय," ती म्हणाली.

मी तिच्या डोक्यावरचं घमेलं मागितलं, तेवढंच करायला सुचलं. माझ्या मनगटावरचे मणी तेव्हा तिच्या नजरेला पडले. ती ब्विलेच होती, तिला सांगावं लागलं नाही. मग तिनं विचारलं, "कोणाचे?"

"तुझे," मी म्हटलं.

आई अंगणात कसाव्याचं पीठ चाळत होती. चिलेशेला पाहून तिच्या हातातली चाळणी खाली पडली. ती धावत पुढे आली आणि हातभर अंतरावर थांबली. मिठी मारावी की नाही तेच तिला कळेना. सात वर्षं जिची वाट पाहिली ती समोर उभी, आणि आई हात पुढे करते आणि मागे घेते. मेलेल्याला शिवलं की घरावर काय येतं ते ती लहानपणापासून ऐकत आली होती. मला आईची कीव आली आणि रागही आला.

त्या दिवशी चिलेशेला कोणी आपल्या ताटाला बसू दिलं नाही. मीही नाही, हे सांगायला मला लाज वाटते. ती अंगणाच्या कडेला एकटीच जेवली. शेजारची माणसं यायची, लांबून बघायची, तोंडाला हात लावून परत जायची. तिला हाक मारायची तर काय म्हणून मारायची, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. चिलेशे म्हणावं तर मी वळायची. बुपे माझ्या मागे उभी राहून तिच्याकडे टक लावून बघत होती. चिलेशेनं दोन्ही हात पुढे केले तेव्हा पोरीनं माझी चितेंगे, म्हणजे कमरेला गुंडाळलेलं कापड, घट्ट धरली. मला त्यात सुख वाटलं. तेही लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी सगळ्यांना न्साकाखाली बोलावलं. न्साका म्हणजे आमची बैठकीची जागा, चार खांब आणि वर गवताचं छप्पर. मामांबरोबर गावचे दोन म्हातारे होते. असं आमच्याकडे कोणाच्या आठवणीत कधी घडलं नव्हतं. मेलेल्याचं नाव जिवंताला कसं द्यायचं ते सगळ्यांना पाठ होतं. जिवंताचं नाव चुकून दिलं गेलं तर पुढे काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. म्हातारे बराच वेळ आपापसात कुजबुजले. एक म्हणाला, लुपियाला आणून चाबकानं फोडा. पण लुपिया मरून वर्ष झालं होतं, आणि त्याचंही नाव त्याच्या भाच्यानं घेतलं होतं. त्या बिचाऱ्या भाच्यानं सगळ्यांसमोर गुडघे टेकून माफी मागितली. एरवी मी हसले असते.

मग मामांनी चिलेशेला विचारलं, तुझं म्हणणं काय? ती म्हणाली की मला नावाचं काही नाही, मला माझी मुलगी द्या.

"मुलगी चिलेशेची आहे," मामा म्हणाले. "आणि चिलेशे ही इथे बसलीय."

"मग मी कोण?" तिनं विचारलं. भांडायच्या सुरात नाही. खरंच विचारावं तसं विचारलं.

मामा माझ्याकडे वळले. म्हणाले, बसलेलं नाव उठवायची रीत आमच्याकडे नाही, आणि मी ती सांगू शकत नाही. "पण तू आपल्या हातानं मणी सोडलेस आणि तिच्या मनगटाला बांधलेस, तर मी आड येणार नाही. हे म्हातारेही येणार नाहीत. तुझं तू ठरव, पोरी."

दहा पावलांवर बुपे इतर मुलांबरोबर उभी होती. सगळं ऐकत होती. मणी सोडायला दोन गाठी सोडाव्या लागल्या असत्या, एवढंच काम. माझं नाव मला परत मिळालं असतं. मरून परत आलेली बहीण परत मिळाली असती. आणि बुपे दुपारच्या होडीत बसून गेली असती.

मी काहीच बोलले नाही. नाही असंही म्हटलं नाही, तेवढंही धाडस माझ्यात नव्हतं. मांडीवर हात ठेवून बसून राहिले. सगळे थांबले होते, आणि मी खालच्या वाळूतल्या मुंग्या बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. चिलेशे माझ्याकडेच बघत होती. मी मान वर केली नाही तरी मला ते कळत होतं.

शेवटी तीच बोलली. "राहू द्या मामा. नाव तिच्या अंगी मुरलंय. पोरालाही तिचाच लळा लागलाय. मी नव्हते तेव्हा तिनं सांभाळलं."

म्हातारे हायसं वाटून हलले. पण मामा अडले. म्हणाले, हिला बिननावाची परत कशी पाठवू? बिननावाचं माणूस ना जिवंत ना मेलेलं. उद्या हिला काही झालं तर आम्ही रडायचं कोणासाठी?

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली.

"कातोंगो रिकामं आहे," ती म्हणाली.

ते नाव माझं होतं. पण मी ते सोडून आले होते, आणि ते तसंच पडून होतं, हे खरंच होतं. आता बोलायचा मला काय अधिकार? त्याच दुपारी चटई घातली गेली. माझी थोरली बहीण तिच्यावर बसली, पाणी प्यायली आणि माझी धाकटी बहीण होऊन उठली. मामांनी बुपेला जवळ घेऊन समजावलं, आईची धाकटी बहीण म्हणजे तुझी धाकटी आई. बुपेनं मान डोलावली. मग आईनं धावत जाऊन माझ्या बहिणीला मिठी मारली, आता मारता येत होती. "कातोंगो, माझी कातोंगो," असं म्हणत ती तिचं तोंड कुरवाळत होती. आणि मी तिथेच उभी होते.

ती आठ दिवस राहिली. आम्ही एका ताटात जेवलो. बुपे तिला "धाकटी आई" म्हणायची आणि तिच्याकडून केस विंचरून घ्यायची. निघताना होडीत चढण्यापूर्वी ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली, धाकटीनं थोरलीसमोर बसावं तशी, आणि म्हणाली, "येते, ताई." लहानपणी मी तिला ताई म्हणायची. मी म्हटलं, जपून जा.

त्यानंतर ती पुन्हा आली नाही. कधी वादळ, कधी सीमेवरचे शिपाई, कधी तिचं बाळंतपण, कारणं नेहमी होतीच. मी गेले असते, पण गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार होते? फक्त प्वेतोहून कोणी आलं की विचारायची, कातोंगो कशी आहे? आणि ती माणसं सांगायची, कातोंगोला तिसरा मुलगा झाला, कातोंगोनं कसाव्याचं नवं शेत केलं, कातोंगो लठ्ठ झालीय. मी ऐकत राहायची. तिचीही आठवण यायची आणि माझीही, आणि कोणती कुठे संपते ते मला सांगता यायचं नाही.

मागच्या वर्षी प्वेतोहून दोघे पुरुष आले. अंगणात उकिडवे बसले, हलकेच टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "कातोंगो गेली." पोटात काहीतरी दुखणं होतं, म्हणाले, पंधरा दिवसांत आटोपलं. मी अंगणात लोळण घेतली. माझ्या नावानं गळा काढून रडले. शेजारणी मला धरत होत्या, आणि त्यांतल्या जुन्या होत्या त्यांचे डोळे काय बोलत होते ते मला दिसत होतं.

आई आणि काबांगे मामा दोघेही आता नाहीत. मामांचं नाव घेतलेला त्यांचा भाचा आता मामा आहे. सुतक सरल्यावर त्यानं विचारलं, कातोंगोसाठी कोण बसणार? पलीकडे तिची तीन मुलं आहेत, धाकटा नऊ वर्षांचा, त्यांना आई हवी. मला तर बसता येत नव्हतं. माझ्या हाताला आधीच मणी होते. कुळात दुसरी बाई एकच.

बुपे तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. बाळाला पाठीशी बांधून ती उभी राहिली आणि म्हणाली, मी बसते.

मी तिला घरामागे घेऊन गेले. तिला समजत नसेल असं मला वाटलं, किंवा तसं वाटावं अशी माझी इच्छा होती. म्हटलं, अगं, कातोंगो म्हणजे माझी धाकटी बहीण. तू बसलीस तर माझी बहीण होशील. मग मला आई म्हणता येणार नाही तुला, आणि राहावंही पलीकडे लागेल.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

मग मी ते बोलले, जे सतरा वर्षं कोणाशी बोलले नव्हते. "त्या दिवशी न्साकाखाली मी तोंड उघडलं असतं तर—"

"मी बघत होते, आई. तू गप्प बसलीस तेव्हा मला बरं वाटलं. मलाही तूच हवी होतीस. ती मला न्यायला आली होती, आणि ही बाई परत जाऊ दे असं मी मनात म्हणत होते." तिनं बाळाची गाठ सैल केली, पुन्हा आवळली. "आठ दिवस तिला धाकटी आई म्हटलं. आई म्हणायचं राहून गेलं. आता तिच्याजवळ जायला मला दुसरी वाट कुठे आहे?"

मी तिला अडवलं नाही. या वेळी माझ्या गप्प राहण्यात कोणाचं काही बुडत नव्हतं, बुडत होतं ते माझंच.

थोरली बहीण म्हणून तिच्या मनगटाला मणी मलाच बांधावे लागले. गाठ नीट बसेना, म्हणून तिनं दुसऱ्या हातानं दोरा धरला. ती पाणी प्यायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या पलीकडच्या लेकरांना द्यायला म्हणून मी सुकवलेली चिसेन्से आणि पिठाची पिशवी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठावर गेलो.

होडीत बसल्यावर तिनं बाळाला मांडीवर घेतलं, कडेची बाई सरकली तशी नीट जागा करून घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"घरी जा आता, ताई," ती म्हणाली. "ऊन झालंय."

मी हो म्हणाले. मोटर सुरू झाली, होडी निघाली. तिनं एकदा हात हलवला, मग बाळाच्या डोक्यावर फडकं धरलं. मला तिला अजून एकदा बघायचं होतं. मी पाण्यात उतरले आणि हाका मारायला लागले, "कातोंगो, ए कातोंगो." मोटरच्या आवाजात तिला काही ऐकू जात नव्हतं. वाळूतल्या बायका हातातली कामं सोडून माझ्याकडे बघत होत्या, आणि मी होडी दिसेनाशी होईपर्यंत माझंच नाव घेऊन हाका मारत राहिले.